चेअरमनच्या मापाची गोळी

त्या वर्षी आष्टीच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी दूध संस्थेनं चारा छावणी उघडली, तेव्हा साखराबाईनं पहिल्याच दिवशी जागा धरली. दोन म्हशी, एक गाय आणि सून मंजुळा, एवढा तिचा संसार. मुलगा मुंजाजी मेंढरं घेऊन भीमेच्या काठाला गेला होता. इकडं पाऊस पडल्याशिवाय तो काही परतणार नव्हता. सासूसुनेनं बांबूवर जुन्या साड्या बांधून सावली केली, तीन दगड मांडले आणि जनावरांच्या पुढ्यातच राहू लागल्या.

छावणीचा नियम सोपा होता. मोठ्या जनावराला दिवसाला पंधरा किलो चारा, लहानाला साडेसात. जनावर पाटलाचं असो की मेंढक्याचं, काट्यावर सगळी सारखी. आणि रोज संध्याकाळी जनावरांच्या कानातला बिल्ला तपासून हजेरी व्हायची, तेव्हा मालक जनावरापाशी उभा पाहिजे.

साखराबाईला अक्षर येत नव्हतं, पण आकडे येत होते. उसाचं वाढं काट्यावर पडलं की ती पदर खोचून पुढं व्हायची.

"आसाराम, हात काढ काट्यावरचा."

"कुठं हाय हात, मावशी?"

"मग चौदा सातशे कावून दाखवायलाय त्यो? टाक अजून दोन कांड्या."

काट्यावरचा आसाराम कांड्या टाकायचा आणि म्हणायचा, "मावशी, तुमी हितं उभ्या राहिल्या की काटाबी घाबरायलाय." रांगेतली माणसं हसायची. पण साखराबाई आहे तोवर आपल्याला कमी मिळायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. इतरांच्या वेळीही ती तिथंच उभी असायची.

मंजुळा चोवीस वर्षांची, अंगानं सडपातळ. लहानपणी सांधे धरून येणारा ताप तिला वारंवार यायचा. त्या तापानं तिच्या काळजाची एक झडप खराब झाली. लग्नानंतर जिना चढला तरी धाप लागायला लागली, तेव्हा मुंजाजीनं तिला पुण्याला नेलं आणि दोन वर्षांमागं तिथं झडप बदलून धातूची बसवली. तेव्हापासून ती जवळ बसली की छातीतून मनगटी घड्याळासारखा बारीक आवाज यायचा. धातूच्या झडपेवर रक्ताच्या गाठी धरतात आणि झडप अडकते, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी तिला जन्मभर लागणार होती. रोज संध्याकाळी एक. महिन्याला नगरला जाऊन रक्त तपासायचं आणि आकडा तीनच्या आसपास आहे ना, ते बघायचं.

योगायोग असा, की दूध संस्थेचे चेअरमन मोहनराव यांचीही झडप पुण्याच्या त्याच दवाखान्यात बदललेली. छावणीत फेरी मारताना ते मंजुळापाशी थांबायचे.

"काय गं, तुझं घड्याळ वेळेवर हाय ना?"

"हाय की, तात्या. तुमचं?"

"माझं पाच मिनटं पुढं हाय. चेअरमनचं घड्याळ हाय ते."

एप्रिल सरत आला तशी मंजुळा थकल्यासारखी दिसू लागली. टँकरवरून दोन घागरी आणल्या की खाली बसायची. उन्हाचा कहरच होता. म्हशी जिथं जीभ काढून उभ्या, तिथं माणसाचं काय. पण साखराबाईच्या मनात पाल चुकचुकली. गोळी कमी पडत असेल का? नगरची तपासणी दोन महिने चुकली होती. सकाळी निघालं तरी संध्याकाळच्या हजेरीला परत पोचेल याचा भरवसा नव्हता, आणि झडपेच्या सुनेला एकटीला पाठवायला साखराबाई तयार नव्हती.

अशातच एके दिवशी सहाच्या सुमाराला ती चेअरमनच्या टेबलाशी गेली होती. मोहनराव चहाबरोबर गोळी घेत होते. पाकीट टेबलावर पडलेलं. साखराबाईनं त्यावरचा आकडा वाचला.

"चेअरमन, ही गोळी आमच्या मंजुळाचीच का?"

"तीच. नाव एक, काम एक."

"मग हिच्यावर चार कावून हाय? तिच्या पाकिटावर एक हाय."

मोहनरावांनी पाकीट उचलून बघितलं, जणू पहिल्यांदाच बघत होते. "ताकद असंल. मला चारची लागती."

"तुमचं वजन किती?"

"असंल सत्तर."

"ती पन्नास हाय. सत्तराला चार, तर पन्नासाला तीनच्या जवळपास पडाय पायजे. एक कशी?"

मोहनरावांना हिशेब तर बरोबर दिसत होता. बाई काट्यावर असा हिशेब करायची तेव्हा कधी चुकली नव्हती. "आता डॉक्टरनं काय बघून दिली, मला काय ठावं," ते म्हणाले.

"मला ठावं हाय," साखराबाई म्हणाली. "तुमी गेलतात जीपमधून. आमी गेलतो यष्टीनं."

हे मोहनरावांना लागलं. त्यांचा स्वभाव मुळात वाईट नव्हता, आणि छावणीत सगळ्यांना सारखं मिळतं याचा त्यांना अभिमान होता. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच साखराबाईच्या सावलीत आले आणि एक कोरं पाकीट तिच्या हातात ठेवलं. "माझ्याकडं जास्तीचं हाय. पण डॉक्टरला इचारून घ्या बरं का, आधी."

"व्हय, इचारते," साखराबाई म्हणाली.

तिनं विचारलं नाही. विचारायचं मनात होतं, पण विचारायला नगरला जावं लागणार, आणि तिथं गेल्यावर डॉक्टर काय म्हणणार हेही तिनं मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं.

मंजुळा का-कू करत होती. "आत्या, डॉक्टरनं एकचीच सांगितलीया." सासूला आत्या म्हणायची त्यांच्यात चालच होती.

"डॉक्टरनं तुला पाच मिनटं बघितलं. मी दिवसभर बघायलेय. दोन घागरीत बसायलीस तू. चेअरमन बघ, दिवसातून दहा चकरा मारतो. तुझ्या जिवाचं मोल कमी हाय का?"

एवढ्या मायेनं सांगितलेलं मंजुळाला मोडवेना. तिनं गोळी घेतली.

दोन दिवस काही झालं नाही. उलट साखराबाईला सुनेच्या चेहऱ्यावर तरतरी दिसली. बघायची ठरवली की दिसते. चौथ्या दिवशी दात घासताना मंजुळाच्या हिरड्यांतून रक्त आलं. सहाव्या दिवशी म्हशीचा दोर हाताला नुसता घासला, तर कोपरापर्यंत काळंनिळं झालं. "उन्हानं रगत उसळलंय," साखराबाई म्हणाली आणि तिला कांद्याचं पाणी दिलं. आठव्या दिवशी उजाडताना मंजुळाचा घोळणा फुटला. नाकातून लागलेली धार कांदा हुंगवला तरी थांबेना, डोक्यावर ओलं फडकं ठेवलं तरी थांबेना. मग तिनं सासूच्या कानाशी लागून हळूच सांगितलं, की लघवीलाही लाल झालंय.

साखराबाई अनवाणीच चेअरमनच्या मांडवाकडं पळाली.

मोहनरावांनी एक शब्द न विचारता जीप काढली. आसारामनं तिन्ही जनावरांची जबाबदारी घेतली. वाटेत मंजुळाचं डोकं साखराबाईच्या मांडीवर होतं. नाकाला लावलेलं फडकं लाल होत होतं, आणि त्या खालून छातीतला तो बारीक आवाज येतच होता. साखराबाई तो मोजत राहिली. मोजता येत होतं तोवर तिला धीर होता.

नगरच्या दवाखान्यात मोहनराव गाडी लावायला गेले आणि या दोघी आत गेल्या. डॉक्टर बाई तरुण होत्या, पण हात स्थिर. नाकात कापसाचा बोळा घालता घालता त्यांनी विचारलं, "रक्ताची गोळी किती चालू आहे?"

मंजुळानं एकदा सासूकडं पाहिलं. मग म्हणाली, "एकचीच."

साखराबाईनं ते खोडलं नाही. सून आपल्याला पाठीशी घालतेय, हे तिला कळलं, आणि त्या घटकेला बरंही वाटलं. लोक काय म्हणतील ते तिला ऐकू येत होतं. सासूनं सुनेला गोळ्या घातल्या. मुंजाजीला काय सांगायचं? व्याही उद्या येऊन पोर घेऊन जाईल, आणि जाईल ती कायमची.

तासाभरानं तपासणीचा कागद आला. तीनच्या आसपास असायचा तो आकडा नऊच्या वर गेला होता.

डॉक्टर बाई नर्सला म्हणाल्या, "एकच्या गोळीवर नऊ. म्हणजे हिला तेवढीही झेपत नाही. आता गोळी बंद. आकडा खाली आला की पाव गोळीनं सुरू करू. लिहून ठेवा, पाव."

साखराबाई दाराशी उभी होती. पाव म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. दोन वर्षं एक गोळी खाऊन पोर धडधाकट होती. दर महिन्याला आकडा बरोबर यायचा. आणि पुण्याच्या डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं: गोळी कमी पडली तर गाठ धरते, झडप अडकते, मग हातात काही राहत नाही. इथं डॉक्टर चांगल्याच होत्या, हिशेबही नीट करत होत्या, पण वजनच खोटं टाकलं तर काट्यानं काय करावं? आज ही पोर रक्त जाण्यातून वाचेल, आणि महिन्याभरानं पाव गोळीवर गाठ धरून जिवानिशी जाईल. आणि ते आपण दाराशी उभं राहून, तोंड मिटून केलेलं असेल.

"बाई," ती म्हणाली. "एकची न्हाई. चारची दिली मी. आठ दिवस."

डॉक्टर बाईंनी पेन थांबवलं. "चारची? कुठून आणली?"

"दुसऱ्याची हुती. त्येंनी इचारून घ्या म्हणलेलं. मी इचारलं न्हाई. तिचा दोष न्हाई यात, माझ्या शब्दाखातर घेतली तिनं."

मंजुळानं डोळे मिटून घेतले. डॉक्टर बाई रागावणार असं वाटत होतं, आणि थोड्या रागावल्याही होत्या, ते त्यांच्या जबड्यावरून दिसत होतं. पण त्यांनी विचारलं ते एवढंच: "त्याआधी दोन वर्षं एकच? आणि तपासणी बरोबर यायची?"

"कागद हायेत समदे." साखराबाईनं पिशवीतून मळकी फाईल काढून दिली.

त्यांनी पानं चाळली, आणि 'पाव' लिहिलेलं खोडलं. "बरं झालं बोललात. मी चुकीच्या आकड्यावर औषध ठरवत होते. रक्तस्राव थांबवायचं औषधही मोजूनमापून द्यावं लागतं. जास्त दिलं तर झडपेवर गाठ धरेल. आता नेमकं किती द्यायचं ते मला ठरवता येईल."

मंजुळाला प्लाझ्माच्या पिशव्या लागल्या, औषध थेंबाथेंबानं गेलं. दुपारपर्यंत नाक थांबलं. दुसऱ्या दिवशी लघवी साफ झाली.

मोहनराव खुर्चीवर टोपी मांडीवर घेऊन बसून होते. "मला वाटलं, तुमी इचारलंय," ते म्हणाले.

"मी व्हय म्हणलं हुतं. इचारलं न्हवतं."

"मला तरी डॉक्टरला एक फोन कराय काय झालं हुतं." त्यांनी टोपी फिरवली. "समद्यास्नी सारखं द्यायची सवय लागलीया मला. औषधालाबी तीच लावली."

डॉक्टर बाई तपासायला आल्या, तेव्हा साखराबाईनं दोन दिवस मनात घोळत असलेला प्रश्न विचारला. "बाई, झडप तीच, गोळी तीच. मग चेअरमनला चार पचती अन् हिला कावून न्हाई? मी वजनाचा हिशेब घातला हुता."

डॉक्टर बाई खाटेच्या कडेला टेकल्या. "वजनाचा वाटा थोडा असतो, पण खरी गोष्ट वेगळी आहे. गोळी पोटात गेली की काम करते, आणि मग आपलं लिव्हर तिला मोडून बाहेर टाकतं. मोहनरावांचं लिव्हर भराभर मोडतं. मंजुळाचं सावकाश मोडतं. कालची गोळी अंगात शिल्लक असतानाच आजची येते, उद्याची येते. चारच्या आठ दिवसांत किती साठली असेल, तुम्हीच बघा. शिवाय काहींचं रक्त या गोळीला मुळातच हळवं असतं, थोडक्यात पातळ होतं. हे जन्माबरोबरच येतं, आईबापांकडून. रंग, उंची येते तसं. यात कुणाचं लिव्हर चांगलं नि कुणाचं वाईट असं नाही. आणि डॉक्टरनं कुणाला कमी दिलं, असंही नाही."

साखराबाई म्हणाली, "आमच्या सासऱ्याच्या कळपात एक कबरी मेंढी हुती. समद्या मेंढरास्नी जंताचं औषध सारखं पाजायचो. तेवढी ती कबरी दिवसभर पाय झाडत पडायची. पुढं तिची पिल्लं, त्या पिल्लांची पिल्लं, समदी तशीच. सासरा त्या वंशाला निम्मंच पाजायचा."

"मग तुम्हाला मी काय शिकवणार?" डॉक्टर बाई हसल्या. "तेच आहे हे. मोठ्या शहरात रक्त तपासून आधीच सांगतात, की हा माणूस कोणत्या वंशाचा आहे. आपल्याकडं अजून ती सोय नाही, म्हणून ही महिन्याची तपासणी. ती चुकवायची नाही. आणि मंजुळाच्या भावाबहिणींना कधी ही गोळी द्यायची वेळ आली, तर डॉक्टरला आधी हिचं सांगायचं. त्यांच्यातही असू शकतं."

मोहनरावांनी तिथूनच आसारामला फोन लावला: नगरच्या तपासणीला कुणी गेलं असेल, तर त्याच्या जनावरांची हजेरी शेजाऱ्यानं दिली तरी चालेल, फळ्यावर लिही.

चौथ्या दिवशी आकडा खाली आला. संध्याकाळपासून पुन्हा एकचीच गोळी सुरू करा, असं सांगून डॉक्टर बाईंनी घरी सोडलं, आणि तेवढ्यात छावणीत चौकशी करून मंजुळाचे वडील धुळाजी आले. वाळलेला, उंच माणूस, हातात काठी. त्यांची वस्ती कडा गावाच्या बाजूला. पोरीचा काळानिळा हात बघून त्यांचे डोळे भरले. मंजुळानं त्यांना सांगितलं, "उन्हानं झालं, आबा. आता बरी हाय." आणि सासूकडं बघितलंही नाही.

"महिनाभर नेतो हिला," धुळाजी म्हणाले. "तिची आई जीव टाकायलीया."

साखराबाईनं होकाराची मान हलवली. सगळं इथंच मिटत होतं. डॉक्टर बाई बोलणार नव्हत्या, मोहनराव बोलणार नव्हते, पोरीनं तर दुसऱ्यांदा पदर घातला होता. कपडे पिशवीत भरून झाले. धुळाजींनी औषधांचं पाकीट उचललं, उलटंपालटं केलं.

"एकचीच गोळी? त्या चेअरमनला चारची हाय म्हनं, छावणीत कळलं मला. गरिबाच्या पोरीला द्यायला दवाखान्याचाबी हात आखडतोय. बघतो मी घरी गेल्यावर."

साखराबाईच्या हातातली पिशवी तशीच राहिली. हे शब्द तिचे होते. मंजुळानं घाबरून आधी बापाकडं, मग सासूकडं पाहिलं.

"पाव्हणं, बसा," साखराबाई म्हणाली. "उन्हानं न्हाई झालं हे. मी केलं." आणि तिनं सगळं सांगितलं. चेअरमनचं पाकीट, सत्तर-पन्नासचा हिशेब, डॉक्टरला न विचारलेलं, हिरड्यांतलं रक्त बघून उन्हावर ढकललेलं, डॉक्टरपुढं दाराशी गप्प उभं राहिलेलं. काही गाळलं नाही.

धुळाजी काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते. मग म्हणाले, "माझी पोर गेली असती."

"व्हय."

"तुमच्या हातानं."

"व्हय, पाव्हणं. अन् तुमी आता जे म्हणलात, तसंच म्हणून मी दिली. म्हून सांगायलेय. तुमच्या घरीबी तेच व्हायला नगं."

धुळाजी उठून खिडकीशी गेले. तिकडं तोंड करून ते इतका वेळ उभे राहिले, की मंजुळा खाटेवरून उठायला लागली. साखराबाईनं तिला हातानंच बस म्हटलं. पोर जाणार, परत येणार नाही, हे तिनं मनाशी धरलं होतं. तरी बोलल्याचा तिला पस्तावा वाटत नव्हता.

धुळाजी वळले. "हिची आई माझ्याहून हट्टी हाय. मी सांगितलं तर म्हणंल, डॉक्टरनं गुंडाळलं तुमाला. माझ्या माघारी दोन गोळ्या देईल ती पोरीला, मायेनं." त्यांनी पिशवी उचलली. "तुमीच चला. मला सांगितलं तसं तिला सांगा. ती बोलंल तुमाला लई."

"बोलू द्या."

"म्हशींचं आमी बघतो," दाराशी उभे असलेले मोहनराव म्हणाले. त्यांनी जीप काढली, आणि धुळाजींनी नको म्हटलं नाही.

वस्तीवर पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मंजुळाची आई भिवराबाई धावत आली. तिनं लेकीला ओसरीवर बसवलं, तोंडावरून हात फिरवला आणि विहिणीसाठी पाण्याचा तांब्या आणला. साखराबाईनं तांब्या घेतला, पण पाणी प्यायली नाही.

"सुग्रीव कुठं हाय?" तिनं विचारलं. सुग्रीव मंजुळाचा धाकटा भाऊ.

"गोठ्यात हाय. कावून?"

"त्येलाबी बोलवा. त्याच्याबी अंगात हे असू शकतंय, त्यानंबी ऐकाय पायजे." सुग्रीव हात पुसत येऊन बसला, तशी साखराबाईनं तांब्या खाली ठेवला. "विहीणबाई, आधी माझं सरळ ऐकून घ्या. मग काय बोलायचं ते बोला."

भिवराबाईनं ऐकलं. मध्येच ती उठून उभी राहिली, तिचा आवाज चढला, आणि धुळाजी म्हणाले त्याहून जास्तच ती बोलली. साखराबाईनं मान खाली घालून सगळं घेतलं. आणि विहिणीचा आवाज थकल्यावर स्वतः जिथं थांबली होती तिथून पुन्हा सुरुवात केली: गोळी अंगात कशी साठते, आकडा कसा वाढतो, कबऱ्या मेंढीच्या वंशाला निम्मं औषध कसं पुरतं.

शेवटी भिवराबाई लेकीच्या शेजारी टेकली. तिचा काळानिळा हात तिनं आपल्या मांडीवर घेतला.

"म्हंजी एकच?" तिनं विचारलं.

"एकच."

"अशक्त दिसली तरी?"

"अशक्त दिसली तर नगरला न्या. गोळी एकच."

भिवराबाईनं सुग्रीवकडं बघितलं. "ऐकलंस ना?" मग पाकिटातून एक गोळी काढून ती लेकीच्या तळहातावर ठेवली, आणि तोच पाण्याचा तांब्या उचलून तिच्या हातात दिला.